फाटकाजवळची जास्वंद

ठेवा ती गुलाबाची फांदी त्या कोनाड्यात आणि बसा. पानांवर काळे ठिपके, खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि तुम्ही रोज संध्याकाळी झारीने त्याला डोक्यावरून अंघोळ घालता. होय ना? मग गळतील नाही तर काय करतील! ठिपक्यांची पानं तोडून जाळून टाका. पाणी सकाळी द्या आणि बुंध्याशी द्या. झालं तुमचं काम. एवढ्यासाठी म्हणे तुम्ही जळगावातल्या चार वकिलांना माझा पत्ता विचारत आलात. धन्य आहे.

कंदील जरा पुढे ओढा. दिवेलागण झाली की मला पायरीपलीकडचं दिसत नाही.

तुम्ही आत येताना परसातल्या जास्वंदीसमोर थांबलात आणि विचारलंत, खत काय घालता? सगळे तेच विचारतात. ऐन वैशाखात गावभर झाडं करपली असताना ही एकटी ताटलीएवढी फुलं घेऊन उभी असते ना. मी तिला खत घालत नाही. पाणीही घालत नाही. पंचवीस वर्षांत एक तांब्या घातलेला नाही. हसू नका, किंवा हसायचंच असेल तर शेवटी हसा.

एकवीस सालचा वैशाख. मी तेव्हा एका सरकारी खात्यात झाडांच्या रोगांचा मदतनीस होतो. खातं कोणतं ते सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. तिशी उलटल्यावर पुण्याला दोन वर्षं शिकून आलो होतो, खिशात भिंग होतं, आणि अख्ख्या खानदेशात माझ्याखेरीज कुणाला झाडातलं काही कळतं असं मला वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही.

भडगावच्या चुडामणआबा पाटलांचं बोलावणं आलं. गिरणेकाठी कपाशीची मोठी जमीन, गावाबाहेर नवा बंगला. जळगावात कुणा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात आबांनी बाग पाहिली होती, आणि जे जे दिसलं ते ते उचलून आणून लावलं होतं. तगर भर उन्हात, मोगरा भिंतीच्या सावलीत, कण्हेर कुठेही, आणि मधोमध चुन्याचा एक हंस, ज्याची मान गवंड्याला जमली नव्हती. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पाचव्या दिवशी तो साहेब मडमेला घेऊन चहाला येणार होता. मागच्या वर्षी मडमेने फाटकाजवळच्या दुहेरी लाल जास्वंदीचं कौतुक केलं होतं. नेमकी तीच सुकत होती. आखाजी दोन दिवसांवर आली होती.

आबा माझ्याशी पुणेरी बोलायचा प्रयत्न करत होते. "आपण फक्त लिहून द्यावं साहेब, झाड कशानं मरतं. त्या रमजानची लबाडी निघाली तर मी त्याले... त्याला लगेच फाटकाबाहेर घालतो. बायकोसकट."

रमजान, त्यांचा माळी, दहा हातांवर उभा होता. आबांना त्याची फिकीर नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

हा रमजान मूळचा भिश्ती. विहिरीवर मशक भरायची, ते कातड्याचं धूड पाठीवर घ्यायचं आणि झाडाझाडाच्या आळ्यात रिकामं करायचं. वीस वर्षं हेच करता करता छाटणी, कलमं सगळं शिकला होता. कुंपणाच्या कोपऱ्यात त्याची झोपडी. आत बायको अनवरी, संधिवाताने पाय आखडलेली, काठी घेऊनही दहा पावलांवर बसायची. त्या उन्हात फाटकाबाहेर काढणं म्हणजे काय, हे बागेतल्या हंसालाही कळलं असतं.

पहिल्या दिवशी मी बाग तपासली. तगरीच्या फांद्यांवर खवले कीड आणि तिच्यामागून मुंग्या. साबण आणि तंबाखूचा काढा सांगितला. गुलाबाला भुरी, त्यावर गंधक. मोगरा पिवळा पडला होता, कारण भिंत रंगवून उरलेला चुना कुणीतरी त्याच्या मुळाशी ओतला होता. मग फाटकाजवळ आलो. जास्वंदीला काळी बाहुली बांधलेली, खाली जुनी चप्पल टांगलेली, बुंध्याला राख. मी ते सगळं ओरबाडून कुंपणापलीकडे फेकलं.

पानं खाली मान टाकून होती. उलटून पाहिली, मावा नाही, कोळी नाही, डाग नाही. कळ्या बोट लावताच गळत होत्या. नखाने साल खरवडली तर आत हिरवं, म्हणजे जीव होता. मी एक फांदी नमुना म्हणून कापून पिशवीत टाकली. आता लक्षात ठेवा, तुमच्याही उपयोगाचं आहे. पानं अशी दोनच कारणांनी लोंबतात. एक तर पाणी मिळत नाही, नाहीतर इतकं मिळतं की मुळं कुजतात. वरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. शहाणा माणूस माती उकरतो. अडाणी आणखी पाणी ओततो.

"किती पाणी घालतोस?" मी विचारलं.

"सकाय-संध्याकाय दोन-दोन मशका, साहेब."

मला मनातून आनंद झाला. कुजलेली मुळं, मूर्ख माळी, दोन ओळींत अहवाल. मी खुरपं घेतलं आणि आळं उकरलं. वीतभर, हातभर. माती नव्हतीच ती, नुसती धूळ. चुलीजवळच्या राखेसारखी हलकी आणि सुकी. मुळं पांढरी, धड, कुठे कुजल्याचा वास नाही. सकाळी दोन मशका ओतल्या असतील तर ते पाणी गेलं कुठे?

"तू पाणी घालतच नाहीस," मी म्हणालो.

"घालस साहेब. अल्ला देखस." तो माझ्याकडे न पाहता फाटकाशेजारच्या खिडकीकडे पाहत होता. खोली बंद होती. "मी घालस... ती पी टाकस."

"ती कोण?"

मग त्याने सांगितलं. हळू, अडखळत. आबांची सून सुंदरबाई, शिंदखेड्याची. लग्न होऊन आली तेव्हा या जास्वंदीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आली होती. तिनेच ती खिडकीखाली लावली. मागच्या वैशाखात ती त्या खोलीत बाळंत झाली. मूल गेलं, तिला ताप भरला. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, हा आपल्याकडचा कायदा तुम्हाला माहीत आहेच. सुंठीच्या गरम पाण्याने ओठ ओले करायचे, बस्स. सासू धुरपदाबाई दाराशी बसून होती. तीन दिवस सून पाणी मागत होती. आणि रमजान रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीखाली येऊन मशक मोकळी करत होता.

"पानीना आवाज आयका का ती गजले धरी उभी ऱ्हाये," रमजान म्हणाला. "म्हने, रमजानभाऊ, थोडं माले दे ना... मी झाडले घालं, साहेब. तिले नही दिन्हं. पाटीलनी सून, अन मी भिश्ती. कसं देऊ?"

चौथ्या दिवशी ती गेली. झाड त्याच आठवड्यात सुकायला लागलं असतं तर मी त्याचं म्हणणं निदान ऐकून घेतलं असतं. पण वर्षभर ते धड होतं. सुकायला लागलं ते या पंधरा दिवसांत, आखाजीसाठी कुंभाराकडून घागरी आल्या तेव्हापासून. आपल्याकडे आखाजीला घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरतात, वर खरबूज, पुरणाचा नैवेद्य. वर्षाच्या आत गेलेल्याची घागर तर चुकवतच नाहीत. पण ज्येष्ठात आबांची नवी सून यायची होती. जुनीचं नाव देवघरापुढे नको, असं आबांनी ठरवलं होतं.

"तिना नावनी घागर येयेल नही," रमजान म्हणाला. "तिले तीस लागेल शे."

मी हसलो. मेलेल्या बाईला तहान लागलीय म्हणे! अगदी मोठ्याने हसलो. म्हणालो, "उद्याचा दिवस जाऊ दे. परवा आखाजीच्या दुपारी तू माझ्यासमोर पाणी घाल. तुझी सुंदरबाई किती पिते ते मी मोजतो."

आखाजीच्या सकाळी गावातून पोरींच्या झोक्यावरच्या गाण्यांचा आवाज येत होता. ऊन चढलं तसा तो थांबला. बंगल्यात पुरणाचा आणि कोऱ्या मातीच्या ओल्या घागरींचा वास भरला होता. देवघरापुढे तीन घागरी होत्या, आबांचे वडील, आई आणि भाऊ. मी धुरपदाबाईंना उगाच डिवचलं, "तीनच?" त्यांनी पदर पुढे ओढला. "आबानी तीनच सांगेल शेतस," म्हणाल्या आणि आत गेल्या. ताटं झाली. आमरस-पुरणपोळ्या हाणून आबा ओसरीवर घोरायला लागले. गडी-माणसं आडवी झाली. वैशाखातली दुपार, कावळासुद्धा ओरडत नव्हता.

लोक म्हणतात भुतं रात्री असतात. लोकांना काय कळतं!

मी फाटकाशी गेलो. रमजान भरलेली मशक घेऊन उभा होता. कातड्यातून थेंब गळत होते आणि त्या ओल्या कातड्याचा उग्र वास येत होता. मी आळं स्वतः बांधून घेतलं, कड दाबली, उंदराचं बीळ किंवा भेग नाही हे बोटांनी तपासलं. "ओत," म्हणालो.

त्याने मशकेचं तोंड सोडलं. आळं काठोकाठ भरलं. पाण्यावर क्षणभर आभाळ दिसलं, खिडकीचे गज दिसले. मग पाणी खाली जायला लागलं. कोरडी जमीन पाणी शोषते तेव्हा बुडबुडे येतात, फेस येतो, सुर्र असा आवाज होतो. इथे तसं काही नव्हतं. पातळी थोडी उतरायची, थांबायची. पुन्हा उतरायची. पुन्हा थांबायची.

मी गुडघ्यावर बसलो आणि जमिनीला कान लावला.

गट्... गट्... गट्... मग श्वास घेतल्याचा आवाज. पुन्हा गट्... गट्...

"साहेब," रमजान वरून कुजबुजला, "आयकू ऱ्हायना ना?"

 आळं रिकामं झालं होतं. मी त्यात हात घातला. वरची माती नखभर खोल ओली, तिच्याखाली ती हलकी, सुकी धूळ. हात मनगटापर्यंत आत गेला. माझा तळवा पाण्याने ओला होता. आणि आत, त्या धुळीत, माझ्या तळव्यावरून काहीतरी फिरलं. बोटांच्या मुळापासून टोकापर्यंत. कोरडं... खरखरीत... आणि अतिशय घाईघाईने. एकदा. मग पुन्हा एकदा.

मी हात बाहेर ओढला तेव्हा तो पूर्ण कोरडा होता. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा ओल नव्हती.

रमजानने दुसरी मशक ओतली असती तर काय झालं असतं माहीत नाही. मी पळत ओसरीवर गेलो. माझा फिरकीचा तांब्या तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. आबा जागे झाले. "काय साहेब, सापडलं का कारण?"

आता ऐका, मी काय केलं ते. मला तीन शब्द लिहायचे होते, कारण समजत नाही, एवढेच. आबा चरफडले असते, पण रमजान राहिला असता. पण माझ्या कचेरीत तो कागद वाचून माझे साहेब हसले असते. मी आयुष्यभर ज्यांना हसलो, त्या बाहुली बांधणाऱ्यांच्या रांगेत मला नेऊन बसवलं असतं. ते मला सोसणार नव्हतं. मी दौत मागवली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'झाडास रोग नाही. झाडास पाणी घातले जात नाही. दोष माळ्याचा.' खाली सही.

आबांनी रमजानला बोलावलं, आणि आता पुणेरी-बिणेरी विसरून त्याला काय वाटेल ते बोलले. रमजान त्यांच्याकडे पाहतही नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता.

"साहेब, तुम्ही जमीनले कान लायेल व्हता. तुम्ही आयकं. तेच लिखा ना... दुसरं काही नका लिखू."

"मी काही ऐकलं नाही," मी म्हणालो.

तेवढंच.  ऊन उतरायचीही वाट न पाहता तो निघाला. पाठीवर जिथे वीस वर्षं मशक असायची तिथे अनवरीला घेतलं होतं, आणि मशक गळ्यात पुढे अडकवली होती. फाटकातून बाहेर पडताना त्याने मशकेचं तोंड सोडून जास्वंदीच्या आळ्यात थोडं पाणी घातलं. स्वतःच्या वाटेसाठी भरून घेतलेलं पाणी. मी ते ओसरीवरून पाहिलं, आणि मनात म्हणालो, मूर्ख.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलगाडीने पाचोऱ्याच्या स्टेशनकडे निघालो. दोन कोसांवर एका कोरड्या नाल्याकाठी बाभळीखाली अनवरी बसली होती. रमजान तिच्याशेजारी आडवा होता. डोक्याखाली रिकामी मशक. ऊन लागून संध्याकाळीच गेला होता. गाडीवान खाली उतरला, मीही उतरलो.

"बठ्ठं पानी माले दिन्हं," ती म्हणाली. "सोता एक घोट नही पिना."

मी माझा भरलेला तांब्या तिच्यापुढे धरला. तिने तो पाहिला, मग मला पाहिलं. ओठ फुटून रक्त आलं होतं तिच्या. "तुमनं पानी माले नको," ती म्हणाली. गाडीवानाने आपल्या बुधल्यातलं दिलं, ते प्यायली. त्यानेच गावाकडे जाऊन माणसं बोलावली. मी आगगाडी गाठायची म्हणून चालत पुढे गेलो. ज्या माणसाला मी पुढे जन्मभर सगळ्यात कमी लेखत आलोय, तो त्या दिवशी त्या रस्त्याने एकटा चालत होता, मीच.

भडगावची जास्वंद आठ दिवसांत मेली, असं पुढे कळलं. मडमेने तिची चौकशीही केली नाही. माझ्या पिशवीत मात्र ती कापलेली फांदी राहिली होती. महिनाभराने सापडली, काडी झाली होती. नखाने खरवडली तर आत हिरव्याचा मागमूस नव्हता. मी ती परसात फेकली. तिला कोंब फुटला.

मी लग्न केलं नाही, घरात दुसरं कुणी नाही. कुणी पाणी घातलं म्हणाल तर, कुणी नाही. पण रोज भर दुपारी मी दार उघडतो तेव्हा आळं काठापर्यंत ओलं असतं, आणि परसभर ओल्या कातड्याचा वास असतो. शेजारच्या लताबाईंनी एकदा दया येऊन बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी झाडाने अर्धी पानं टाकली. तेव्हापासून मी कुणाला हात लावू देत नाही. ज्याच्याबद्दल मी सही करून लिहिलं की हा पाणी घालत नाही, तो घालतो. पंचवीस वर्षं एक दिवस खाडा नाही.

दर आखाजीला मी या खोलीत, तिथे भिंतीशी, दोन घागरी भरतो. लोक म्हणतात, म्हातारा आता धर्माला लागला. लोकांची अक्कल तेवढीच. एक घागर सुंदरबाईची. ती संध्याकाळपर्यंत रिकामी होते, आतून ठणठणीत कोरडी. दुसरी रमजानची. त्यांच्यात घागरी भरत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी भरतो. ती कधीच कमी होत नाही. बोटभरसुद्धा नाही. मी भरलेलं पाणी तो पीत नाही.

आणि यंदाचं सांगायचं राहिलं. आखाजीला आज नऊ दिवस झाले. दिवसा ऊन कसलं असतं ते तुम्ही पाहताच आहात, सकाळी सारवलेलं दुपारी भेगाळतं. त्या दिवशी मी दोनच घागरी मांडल्या होत्या. संध्याकाळी उचलल्या. जमिनीवर ओल्या बुडांचे गोल उमटले होते, ते तीन होते.

दोन गोल तासाभरात वाळले. तिसरा माझ्या खाटेकडच्या बाजूला आहे, अजून ओला. माझ्या नावाची घागर भरली गेलीय. कंदील घ्या, तुम्हीच बघा. हात लावा आणि बोटं हुंगा.

मी नाही लावत.